छातीवरचा कच्चा टाका

मास्तरांना माणसाच्या शरीरातलं सगळं कळायचं. म्हणजे बाहेरून. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढायच्या आत त्यांनी ओळखलेलं असायचं, की उजवा खांदा उतरलाय, पोट आहे पण कबूल नाही, आणि मागच्या वर्षीचं माप यंदा चालायचं नाही. आत काय चाललंय याच्याशी त्यांचा संबंध अस्तरापुरता.

दुकान एका मधल्या रस्त्यावर. एका बाजूला चष्मेवाला, दुसऱ्या बाजूला किल्ल्या बनवणारा. आत कापायचं टेबल, दोन मशिनं, इस्त्री, आणि पडद्याआड एक उंच आरसा. त्या आरशासमोर उभ्या राहिलेल्या प्रत्येकाला मास्तर एकच वाक्य ऐकवायचे, "बसेल अंगाला." कोट बसायचाच. नाही बसला तर मास्तर गिऱ्हाइकाच्या उभं राहण्यात चूक काढायचे.

दुकानातलं दुसरं माणूस म्हणजे त्यांची बायको. गल्ली त्यांना काकू म्हणायची. काज-बटणं आणि हाताची शिलाई काकूंकडे होती. गप्प बसणं हे काम मात्र त्यांच्याकडे कधीच नव्हतं.

दुकानाचा एक नियम होता. कोट ट्रायलला जाण्याआधी त्याला पांढऱ्या दोऱ्यानं कच्चा टाका घालतात. मोठे, सैल टाके. खरी शिवण पक्की झाली की ते ओढून काढायचे. तर, कच्चा टाका ज्यानं घातला त्यानंच काढायचा. दुसऱ्यानं हात लावायचा नाही. कुठल्या टाक्यानं काय धरून ठेवलंय हे घालणाऱ्यालाच ठाऊक असतं. नव्या नवरीच्या हौसेनं काकूंनी एकदा मास्तरांचा कच्चा टाका काढला होता. अख्खी बाही त्यांच्या मांडीवर येऊन पडली. मास्तर दोन दिवस बोलले नाहीत. संसारातले ते दोन दिवस फार सुखाचे गेले, असं काकू अजून सांगतात.

आणि तयार कपड्यात कच्चा टाका राहून जाणं, याच्याएवढी नाचक्की मास्तरांच्या लेखी दुसरी नव्हती. रस्त्यात अनोळखी माणसाच्या पाठीवर पांढरा दोरा दिसला तरी ते त्याला थांबवून तो उपटायचे. नियम दुकानापुरता होता.

रक्तदाबाची गोळी त्यांना केव्हाच सुरू झाली होती. डोकं दुखलं की ते ती घ्यायचे. एरवी नाही. औषधाची सवय लागू नये म्हणून ते फार जपायचे. मूत्रपिंडांनी कुरकुर केली नाही. ती करत नाहीत. दुकान बंद करायची वेळ आली की एकदम पाटी उलटी करतात.

आधी पाय सुजले. मास्तरांनी निदान केलं, बूट आखडले. मग पँट कमरेत घट्ट झाली. मास्तरांनी ती सैल केली. परत सैल केली. दर वेळी कापड खराब आल्याचं सांगितलं. शेवटी एका सकाळी कापायच्या टेबलावर वाकलेले असताना त्यांना श्वासच घेता येईना. काकूंनी हातातली बटणं टाकली आणि रिक्षा थांबवली. रिक्षात बसता बसता मास्तर म्हणाले, "इस्त्री बंद कर."

"तुम्ही बंद पडताय, ते आधी बघू," काकू म्हणाल्या.

*

रुग्णालयात मास्तरांच्या मानेत नळी घातली. उजव्या कानाच्या खाली, मोठ्या शिरेत. आखूड, कडक नळी. बाहेर तिची दोन तोंडं लोंबायची. एकाला लाल बूच, एकाला निळं. लाल तोंडातून रक्त मशिनीत जायचं, धुतलं जायचं, आणि निळ्यातून परत यायचं. तीन-चार धुण्यांत मास्तरांच्या पायाचं पाणी उतरलं आणि तोंड परत चालू झालं.

"ही तात्पुरती आहे," डॉक्टर फायलीकडे बघत म्हणाले. ते फायलीशीच बोलायचे. "इमर्जन्सीला पटकन घालता येते. पण जास्त दिवस ठेवता येत नाही. जंतू शिरतात."

"आणि कॉलर बसत नाही," मास्तर म्हणाले.

डॉक्टरांनी पहिल्यांदाच फायलीवरून मान वर केली.

मग पुढं काय, यावर खलबत झालं. त्याला काकूंचा धाकटा भाऊ आला. हा मेहुणा एका कचेरीतून निवृत्त झालेला. मोबाइल हातात आल्यापासून त्याचं वैद्यकीय शिक्षण चालू होतं.

"दाजी, पोटातली घ्या," तो म्हणाला. "बेंबीच्या बाजूला मऊ नळी. घरच्या घरी पोटात पाणी भरायचं, काही तासांनी काढायचं. ना मशीन, ना सुया."

सुया नाहीत म्हटल्यावर मास्तर उठूनच बसले. ही गोष्ट गल्लीत कुणाला ठाऊक नव्हती. जन्मभर तोंडात टाचण्या धरून बोलणारा हा माणूस इंजेक्शनला घाबरायचा. डोळे मिटायचा, काकूंचा हात धरायचा, आणि नंतर काही झालंच नाही असं वागायचा.

डॉक्टर म्हणाले, "चांगला पर्याय आहे. फक्त जागा एकदम स्वच्छ लागते. धूळ, तंतू उडता कामा नयेत. पाण्याची पिशवी जोडताना काही आत गेलं तर पोटात इन्फेक्शन होतं."

मास्तरांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी डॉक्टरांकडे.

"डॉक्टर, आमचं घर दुकानाच्या मागच्याच खोलीत," काकू म्हणाल्या. "आमच्या चहातसुद्धा लोकर असते. ह्यांच्या पोटात कोट तयार होईल."

पोटाचा विषय तिथंच मिटला.

*

राहिली छातीतली. ही नळी लांब आणि मऊ. मानेतल्याच शिरेत जाते, पण सरळ बाहेर येत नाही. कातडीखालून बोगद्यासारखी वाट काढत खाली येते आणि छातीवर, कॉलरच्या हाडाच्या जरा खाली, बाहेर पडते. डायलिसिसच्या युनिटमध्ये सगळे तिला 'पर्मनंट' म्हणायचे. कारण ती काही महिन्यांनी काढायची असते.

समजावून सांगायचं काम सिस्टरकडे होतं. तरुण, चटपटीत, आणि एका वाक्यात तीन कामं उरकणारी.

"मास्तर, हे बघा. नळीवर हे पांढरं कडं दिसतंय? हे कातडीच्या आत राहतं. तुमचं मांस हळूहळू यात गुंतत जातं आणि नळी घट्ट धरतं. जंतूंचीही वाट अडते."

मास्तरांनी नमुन्याची नळी हातात घेतली. कडं बोटांत चोळलं. चेहरा बदलला.

"हे कापड आहे."

"हो."

"कुठलं?"

"पॉलिस्टर."

पॉलिस्टरचा कपडा त्यांनी उभ्या जन्मात शिवायला घेतला नव्हता. आणलेलं कापड ते गिऱ्हाइकाच्या समोर दोन बोटांनी उचलून परत द्यायचे, मेलेलं झुरळ उचलावं तसं. आता तेच त्यांच्या कातडीखाली अस्तर म्हणून जाणार होतं.

"सुती मिळत नाही का?" त्यांनी विचारलं.

"घ्या मुकाट," काकू म्हणाल्या.

नळी बसली. छातीवर जिथं ती बाहेर पडली तिथं डॉक्टरांनी दोन बाजूंना काळ्या दोऱ्यानं टाके घातले. मास्तरांनी आरशात ते बघितले आणि त्यांना राग आला. टाके असमान. एक जवळ, एक लांब. गाठी वर.

"हे असेच ठेवणार?"

सिस्टरला वाटलं, माणसाला त्याच्या भाषेत सांगावं. असं वाटणारी माणसं चांगली असतात. ती म्हणाली, "मास्तर, हा तुमचा कच्चा टाका समजा. आत मांसानं कडं पकडलं की शिवण पक्की झाली. मग काढायचे. महिनाभर तरी जाईल, जास्तही लागेल. तोवर भिजवायचं नाही, ओढायचं नाही, पट्टी फक्त आम्हीच बदलणार. आणि नळीच्या जवळ कात्री आणायची नाही. कधीच नाही."

"मला कात्री कशी धरायची ते तुम्ही सांगणार?" मास्तर हसले.

सिस्टर आणखी बरंच सांगत होती. नळी निसटली तर काय, रक्त आलं तर काय. मास्तर तेव्हा नजरेनं तिच्या खांद्याचं माप घेत होते. काकू ऐकत होत्या.

शेवटी डॉक्टरांनी डाव्या हातावर एक छोटं ऑपरेशन केलं. मनगटाच्या वर धमनी आणि शीर एकमेकींना जोडून दिली. त्याला फिस्टुला म्हणतात. धमनीचं जोरकस रक्त शिरेत शिरतं, आणि शीर काही आठवड्यांत, कधी महिन्यांत, जाड आणि दणकट होते. मग त्या शिरेत सुया घालून धुणं करायचं. हात लावला तर आत थरथरतं. काकूंनी कान लावून बघितलं.

"मशीन चालू आहे," त्या म्हणाल्या. "ह्यांनी पायही न लावता."

डॉक्टर यावेळी फाइल मिटून बोलले. "मास्तर, खरा रस्ता हा हातातला. वर्षानुवर्षं टिकतो. छातीतली नळी म्हणजे तो तयार होईपर्यंतचा पूल. उजव्या मानेतली वाट सगळ्यांत सरळ, म्हणून तिथून घातलीय. दर वेळी नवी नळी घातली की शीर आतून आकसत जाते. प्रत्येकाला अशा वाटा मोजक्याच असतात. ही नळी सांभाळा आणि हात तयार करा. एवढंच."

हात तयार करायला त्यांनी एक मऊ स्पंजचा चेंडू दिला. डाव्या मुठीत धरून दिवसातून खूप वेळा दाबायचा.

मास्तरांनी एवढंच ऐकलं, की हात तयार झाला तर सुया. दर धुण्याला दोन. आठवड्यातून तीन धुणी. आणि छातीतली नळी राहिली तर सुया शून्य. चेंडू त्यांनी दुकानात आणला आणि टेबलावर ठेवला. चेंडू मऊ होता, हाताशी होता. संध्याकाळपर्यंत त्याच्यात टाचण्या खोचलेल्या होत्या.

*

डायलिसिसच्या खोलीत पलंगांची रांग होती आणि प्रत्येक पलंगाशी एक घुमणारं मशीन. एकेका माणसाला चार तास तिथं बांधून घालायचे. त्यांतला एक शिंपी आहे ही बातमी कळायला वेळ लागला नाही. आरोग्यसेवेनं या संधीचं सोनं केलं. वॉर्डबॉयची पँट आली, आखूड करायला. मेट्रनबाईंचं जाकीट आलं. डॉक्टरांनी दोन पँटी पाठवल्या आणि वर निरोप, की घाई नाही, परवा चालेल. मास्तर छातीतून रक्त बाहेर काढून देत पडल्या पडल्या उजव्या हातानं खडूच्या खुणा करायचे.

"दोन्ही पाय सारखे नाहीत तुमच्या डॉक्टरांचे," ते सिस्टरला म्हणाले. "डावा आखूड आहे. टाके का वाकडे ते कळलं."

सिस्टरनं लांब लोकरी कोट शिवायला टाकला. सुट्टीच्या दिवशी ती ट्रायलला दुकानात आली, आरशासमोर उभी राहिली, इकडून तिकडून वळली. कोट तिला इतका आवडला, की बाहीवरचा पांढरा दोरा तिनं सहज ओढला.

"हात काढा!"

सिस्टर दचकली. काकूंच्या हातातून काजाची सुई निसटली.

"तो मी घातलाय," मास्तर म्हणाले. "मीच काढणार. तुम्हाला काय ठाऊक आत काय धरलंय त्यानं?"

"चुकलं, मास्तर. पण दिसायला तर पक्का वाटतोय."

"दिसण्यावर जाऊ नका. दिसण्यावर गिऱ्हाईक जातं."

हे वाक्य काकूंनी लक्षात ठेवलं. त्यांची स्मरणशक्ती अशा बाबतीत फार तेज होती.

पुढच्या धुण्याला डॉक्टरांनी मास्तरांचा डावा हात चाचपला. कपाळाला आठ्या आल्या. "शीर भरली नाही अजून. चेंडू दाबता ना?"

"दाबतो."

काकूंनी छताकडे बघितलं.

"पुढच्या आठवड्यात परत बघू. सोनोग्राफी करू. आणि तयार वाटला तर सुई घालून बघू."

तेवढं एक वाक्य मास्तरांच्या बरोबर घरी आलं. जेवताना शेजारी बसलं.

मेहुणा आला होता. त्याचं मत तयार होतं. "दाजी, नळी चालतीये ना? मग हात कशाला? पर्मनंट म्हणतात ना तिला? माझ्या मित्राच्या साडूची दोन वर्षं आहे."

"अरे, तुझा मित्र शिकवणार का ह्यांना?" काकू म्हणाल्या.

"ताई, मी फक्त माहिती देतो."

मास्तर घास चघळत राहिले. नळी पक्की बसली आहे, हे एकदा डॉक्टरांना दाखवून दिलं की काम झालं. बसलेला कोट उसवायला कोण सांगेल? आणि शिवण पक्की झाली हे ओळखायला अडाणी का होईना, पण शिंपीच लागतो. नळी बसवून अजून तीन आठवडे झाले नव्हते. पण जखम सुकली होती. कातडी सपाट होती. काळे टाके वर राहून गेले होते, तयार कपड्यात विसरलेल्या दोऱ्यासारखे. आणि ते वाकडे होते.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू बटणं आणायला बाजारात गेल्या. मास्तर पडद्याआड गेले. शर्ट काढला. दोरे तोडायची छोटी कात्री घेतली आणि निर्जंतुक केली, म्हणजे पँटला पुसली. छातीवरची पारदर्शक पट्टी एका कोपऱ्यातून सोलली. मग हात जराही न थरथरता एका बाजूचा टाका कापला. मग दुसऱ्या बाजूचा. चिमटीत धरून दोरा हळूच ओढला. सफाईचं काम. नळी जागच्या जागी.

पट्टी परत दाबून बसवली. आरशात बघितलं.

"बसली अंगाला," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी त्यांनी शीळ वाजवली. काकूंना तेव्हाच संशय यायला हवा होता.

सकाळी दुकान उघडल्यावर एक जाडजूड गृहस्थ सूटचं कापड घेऊन आले. मास्तरांनी कापड दोन बोटांत चोळलं. सुती-लोकरीचं, चांगलं. खूश झाले. माप घ्यायला पुढं झाले. टेप नेहमीसारखी गळ्यात होती. नेहमीसारखंच एक टोक धरून त्यांनी तिला झटका दिला. सगळी हयात त्यांनी टेप अशीच काढली होती. झटक्यात, ऐटीत, गिऱ्हाइकाच्या नाकासमोरून.

टेपच्या टोकाला पितळी पट्टी असते. ती शर्टाच्या उघड्या बटणातून आत जाऊन नळीच्या तोंडावर लावलेल्या चिमट्यात अडकली होती. झटक्याबरोबर टेप आली. टेपबरोबर नळी आली.

सगळी नाही. एक वीत. पण ते पांढरं पॉलिस्टरचं कडं शर्टाबाहेर लोंबत होतं, रक्तानं माखलेलं. त्याला एकही धागा चिकटलेला नव्हता. मांसानं त्याला अजून ओळखही दाखवली नव्हती.

गृहस्थ माप न देता गेले. कापड ठेवून गेले. परत आले नाहीत.

मास्तर नळीकडे बघत उभे होते. शर्टावर लाल डाग पसरत होता. त्यांनी नळी धरली आणि आत ढकलायला लागले.

"हात काढा!" काकू ओरडल्या. "सुई ओवताय का?"

त्यांनी मास्तरांना कापायच्या टेबलावर आडवं केलं, अर्धवट बेतलेल्या कोटावरच. कापसाचा जाड थर घेतला. एक हात छातीवरच्या भोकावर, एक हात मानेवर, जिथं नळी शिरेत शिरत होती तिथं. अंगाचा सगळा भार टाकून दाबलं. चिमटे बंद आहेत ना, ते बघितलं. चष्मेवाल्याला हाक मारून फोन करायला लावला. सिस्टरनं सांगितलेलं सगळं. मास्तर खांद्याचं माप घेत होते तेव्हाचं.

"जोरात दाबतीयेस," मास्तर पुटपुटले.

"अजून जोर बाकी आहे. बोलू नका."

रुग्णवाहिका येईपर्यंत त्यांनी एकदाही हात उचलला नाही.

*

डॉक्टरांनी नळी पूर्ण काढली. जखम दाबून धरली. रक्त थांबलं. मग त्यांनी कातडी नीट बघितली. टाक्यांच्या जागी नुसती सुईची स्वच्छ भोकं होती, कातडी कुठं फाटली नव्हती.

"टाके कुणी काढले?"

"पडले असतील," मास्तर म्हणाले.

"हो. कात्रीवर पडले," काकू म्हणाल्या.

सिस्टर भिंतीला टेकून उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक होता. "मीच म्हटलं होतं त्यांना, कच्चा टाका समजा म्हणून."

"तुम्ही बरोबर सांगितलंत," काकू म्हणाल्या. मग त्या मास्तरांकडे वळल्या. आवाज चढवला नाही. "कच्चा टाका कुणी काढायचा?"

मास्तर छताकडे बघत होते.

"मी विचारतीये. दुकानाचा नियम काय?"

"ज्यानं घातला त्यानं."

"हा कुणी घातला होता?"

संध्याकाळी उत्तराऐवजी थंडी आली. दात वाजायला लागले. ताप चढला. कात्री पँटला पुसलेली होती, आणि पँट कुठं कुठं बसलेली होती हे पँटलाच ठाऊक. जंतू रक्तात गेले होते. शिरेतून औषधं सुरू झाली. ताप उतरेपर्यंत छातीत नवी नळी घालायची सोय राहिली नाही. पण रक्त तर धुवायलाच हवं होतं. म्हणून डॉक्टरांनी मांडीच्या सांध्यात, जांघेत, एक तात्पुरती नळी घातली. तिच्यामुळे ताठ बसता येत नाही. पाय दुमडता येत नाही. फक्त पडून राहता येतं आणि विचार करता येतो. दुसऱ्या कामाची मास्तरांना सवय नव्हती.

"आता ऐका," डॉक्टर म्हणाले. हातात फाइलही नव्हती. "मांडीतली नळी फार दिवस ठेवणार नाही. मानेतली उजवी वाट आपण दोनदा वापरली आणि आता तिथं इन्फेक्शन आहे. डावीकडून घालता येईल, पण ती वाट वळणाची. नळी नीट चालत नाही, शीर लवकर बुजते. तीही गेली तर पुढं काय, हे मला आज बोलायचं नाही. हात चालला तर यातलं काहीच करावं लागणार नाही. हात चालायलाच हवा."

डॉक्टर गेले. दाराशी ते किंचित डाव्या पायावर झुकून चालत होते. मास्तरांनी बघितलं. पँटीबद्दल काही बोलले नाहीत.

काकूंनी पिशवीतून चेंडू काढला. टाचण्यांनी भरलेला, साळिंदरासारखा. पलंगाच्या कडेला बसून त्यांनी एकेक टाचणी उपटली आणि डबीत टाकली. प्रत्येक टाचणी डबीत पडताना वाजत होती. शेजारच्या पलंगावरचा माणूस झोपेतून उठून बघायला लागला.

"धरा."

मास्तरांनी डाव्या मुठीत चेंडू धरला. दाबला.

"आई गं!"

एक टाचणी आत राहिली होती.

"सवय करा," काकू म्हणाल्या.

ती टाचणीही निघाली. मग मास्तरांनी चेंडू सोडला नाही. जेवताना, बोलताना, मेहुणा समोर बसून माहिती देत असताना. खरं तर मेहुणा बोलायला लागला की ते जास्त जोरात दाबायचे. त्याचा फार उपयोग झाला, असं सिस्टरचं मत आहे.

*

ताप उतरला. नव्या जंतूंचा पत्ता नव्हता. सोनोग्राफीत शीर भरलेली दिसली. फार नाही. चालवून बघण्याइतकी.

पहिल्या दिवशी एकच सुई. रक्त हातातून मशिनीत घ्यायचं, परत मांडीतल्या नळीतून सोडायचं. सिस्टरनं दंड बांधला. शीर बोटानं चाचपली. सुई उघडली. मास्तरांनी ती बघितली. कोटाच्या जाड कापडाला वापरतात त्या सुईएवढी होती.

"ही माणसासाठी आहे?"

"हो, मास्तर."

"दुसरा नंबर नाही?"

"ही सगळ्यांत बारीक आहे."

त्यांनी डोळे मिटले. उजवा हात हवेत पुढं केला. काकूंनी धरला. एवढ्या पलंगांसमोर, भर दिवसा. गुपित फुटलं.

"सुई आत गेली नाही तर?" मास्तर डोळे मिटूनच म्हणाले. "शीर फाटली तर?"

"तर हात सुजेल, काळानिळा पडेल, आणि काही दिवस थांबून परत बघू," सिस्टर म्हणाली. यावेळी तिनं कशाचीच उपमा दिली नाही.

"घाला."

सुई गेली. मास्तरांच्या तोंडून एक शब्द गेला. तो इथं लिहिण्यासारखा नाही. नळीत लाल रक्त चढलं, गडद, वेगानं. मशीन एकदा कुरकुरलं. सिस्टरनं सुई केसभर मागं घेतली. कुरकुर थांबली आणि मशीन घुमायला लागलं.

काकूंनी हात सोडला नाही. त्यांच्या तळव्याला घाम आला होता. तो नक्की कुणाचा ते सांगता येणार नाही.

मग दोन सुया झाल्या. एकदा हात सुजला, आठवडाभर जांभळा राहिला. मास्तरांनी त्या रंगाचं अस्तर आपल्याकडे आहे असं सांगितलं. परत सुया गेल्या. हात चालला. एक दिवस डॉक्टर ट्रे घेऊन आले, जांघेतली नळी काढायला. त्यांनी टाका कापायचं पातं उचललं आणि थांबले.

"काढू ना?"

"तुमचा आहे," मास्तर म्हणाले. "तुम्हीच काढा."

डॉक्टरांनी काढला. मास्तरांनी मान उंचावून बघितलं.

"हा सरळ घातला होता," ते म्हणाले. डॉक्टरांनी आयुष्यात कमावलेल्या पदव्यांत याला कुठं जागा आहे ते माहीत नाही, पण ते जाताना हसत होते.

सिस्टरचा कोट तोवर तसाच लटकत होता. थंडी संपत आली होती. एका धुण्याच्या वेळी तिनं काकूंना तो युनिटमध्येच आणायला सांगितला. मास्तर पलंगावर. डाव्या हातात दोन सुया, चिकटपट्ट्यांनी बांधलेल्या. सिस्टरनं कोट अंगात घातला. शिवण मास्तरांनी घरी आल्यावर पक्की केली होती. फक्त बाहीवर पांढरा दोरा राहिला होता. एका बोटानं निघेल असा.

"मास्तर, घालून जाऊ का? आज बाहेर वारा आहे."

"दोरा आहे."

"मी काढते की."

मास्तरांनी तिच्याकडे नुसतं बघितलं. काकूंनीही.

सिस्टरनं कोट काढला. घडी करून पलंगाच्या पायथ्याशी ठेवला. तिची ड्यूटी संपली होती. घरी जायला हरकत नव्हती. ती स्टूल ओढून बसली.

"किती वेळ आहे अजून?"

"तुम्हीच लावलंय मशीन," मास्तर म्हणाले. "संपलं की काढतो."

छोटी कात्री काकूंनी अजून परत दिलेली नाही. दोरा काढायला ती लागतही नाही.